दहापैकी दहा

गांधीजींचं 'की टू हेल्थ' अगदी छोटं पुस्तक आहे, मोबाइलवर दोन बैठकांत संपतं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना १९४२ साली त्यांनी ते लिहिलं. हवा, पाणी, आहार, माती, ऊन. भाषा इतकी सरळ की उलटतपासणी घ्यावीशी वाटत नाही. मी मात्र एका परिच्छेदापाशी अडकलो.

मातीच्या पट्टीबद्दल लिहिताना ते सांगतात, की सेवाग्रामला विषमज्वराचे दहाएक रुग्ण औषधाविना बरे झाले, त्यामुळे आश्रमात आता त्या तापाची भीती राहिलेली नाही. आधीचा भाग अनुभव, नंतरचा निष्कर्ष, आणि मधली उडी फार लांब. औषध नसताना विषमज्वरात दहातला एक दगावतो असं धरू. तर काहीही न करता दहाच्या दहा जगण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. असे तीन आश्रम असते, तर माती न लावताही त्यातल्या एकात हेच घडलं असतं!

पण लेखकावर अन्याय नको. ताप आपली मुदत घेतोच, पट्टीने तगमग कमी होते, एवढंच ते म्हणतात. शिवाय तेव्हा डॉक्टरांकडे तरी विषमज्वरावर नेमकं औषध कुठे होतं? क्लोरॅम्फेनिकॉल त्यानंतर काही वर्षांनी आलं.

पुस्तकाबाहेरचे गांधीजी जास्त गुंतागुंतीचे आहेत. १९२४ मध्ये ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. १९४४ मध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात असताना मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मिळवलं, पण ते वरचेवर टोचावं लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. काही आठवड्यांनी स्वतःला मलेरिया झाल्यावर त्यांनी क्विनीन घेतलं. याला ढोंग म्हणणाऱ्या पोस्टी आपण सगळ्यांनी वाचल्यात. मला ते पटत नाही. कस्तुरबांचं हृदय आधीच थकलं होतं. जाणाऱ्या माणसाला आणखी सुया नकोत आणि बरं होऊ शकणाऱ्याने औषध घ्यावं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. माझी तक्रार एवढीच, की हा फरक मला पुस्तकात सापडला नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पेनिसिलिन बनवायला. आता त्याच पट्ट्यात, चाकणला लाइनवर काम करणाऱ्या माझ्या मावसभावाला टीबी झालाय. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. लगेच रूममेटचा सल्ला आला: गोळ्या उष्ण पडतात, बंद कर, काढा घे, आमच्या गावात दहा जण याच काढ्याने बरे झालेत.

पुन्हा दहाच. त्याला मी घात-बित समजावत बसलो नाही. कोर्स सहा महिन्यांचा आहे, तोवर रोज सकाळी फोन करून गोळी घेतली का एवढं विचारतो. परवा वैतागून म्हणाला, "दादा, तू काय माझा सुपरवायझर आहेस का?"

अजून दोन महिने बाकी आहेत.