नाव, वर्णन आणि जाती : सरफोजीकालीन तंजावूरच्या संदर्भात

सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या ज्ञानव्यवहाराविषयी मराठीत झालेल्या लेखनाचा सूर बहुतांशी गौरवाचा आहे. धन्वंतरी महाल, सरस्वती महाल, देवनागरी छापखाना, प्राणी-वनस्पतींची चित्रे अशी यादी देऊन ‘विज्ञाननिष्ठ राजा’ हे बिरुद त्यांना बहाल केले जाते. यादी खरी आहे. परंतु यादी म्हणजे विवेचन नव्हे. सृष्टीतील जीवांना नावे देऊन त्यांचे वर्गीकरण करण्याचे जे शास्त्र त्याच काळात तंजावूरच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते, त्याच्याशी येथील मराठी वाङ्मयाचे नाते कोणते, हा प्रश्न या गौरवात हरवतो.

उंबरठा हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डॅनिशांना दिलेली तरंगमबाडी याच मुलखातली. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ मध्ये तेथील मिशनचा वैद्य म्हणून आला. त्याच्यामागून क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन आणि योहान पीटर रॉटलर हे मिशनरी निसर्गसंग्राहक म्हणून नावारूपाला आले. ज्या श्वार्ट्झने सरफोजींचे पालकत्व केले तो याच मंडळींच्या वर्तुळातला. या संग्राहकांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून युरोपात ‘नवीन’ जाती प्रसिद्ध होत गेल्या. बर्लिनच्या ब्लॉखने १७९३ मध्ये ढोम्यासारख्या माशांच्या एका प्रजातीला ‘जॉनियस’ असे जॉनचेच नाव दिले.

पण या नवीनपणाचा अर्थ काय? १७७१ मध्ये लिनियसने ‘बर्गेरा क्योनिगिआय’ ही जाती शास्त्राला सादर केली. ती म्हणजे आपला कढीलिंब. तमिळ घराघरांत जो करुवेप्पिलै म्हणून रोज फोडणीत पडत होता, तो त्या वर्षी ‘सापडला’! यात केवळ वसाहतवादी उद्दामपणा पाहणे सोपे आहे, आणि अलीकडच्या समीक्षेत तसे सर्रास पाहिले जाते. मला ते अपुरे वाटते. शास्त्रीय अर्थाने शोध लागतो तो वस्तूचा नव्हे. नमुना जतन करणे, त्याची लक्षणे नोंदवून ती प्रसिद्ध करणे आणि पुढे कोणालाही पडताळता येईल असे नाव त्या लक्षणांशी बांधणे, या साऱ्यांची मिळून ती एक लेखनकृती आहे. वनस्पतींसाठी १७५३ आणि प्राण्यांसाठी १७५८ ही लिनियसच्या ग्रंथांची वर्षे आरंभबिंदू मानली जातात, ती यामुळेच. म्हणून शेंदरीचे झाड चरक-सुश्रुतांना ‘कांपिल्लक’ म्हणून परिचित असले, रॉक्सबर्गने त्याला रॉटलरच्या नावाने ‘रॉटलेरा’ म्हटले, तरी अग्रहक्काच्या नियमाने त्याच्या नावात आज टिकले आहे ते लामार्कने १७८६ मध्ये योजलेले, फिलिपाइन्सची आठवण देणारे विशेषण.

देशी नावांना या व्यवहारात थाराच नव्हता, असेही नाही. पॅट्रिक रसेलने १७९६ च्या सर्पग्रंथात घोणस नोंदविली ती ‘कटुक रेकुल पोडा’ या तेलुगू नावाने. १७९७ मध्ये शॉने तिला रसेलचे नाव जोडले. पुढे प्रजातीला मिळालेले ‘दबोइया’ हे नाव मात्र देशी शब्दावरून आले आहे. त्याच रसेलने १८०१ मध्ये मांडुळाला जॉनचे नाव दिले. आजही ‘एरिक्स जॉनिआय’ हेच त्याचे शास्त्रीय नाव आहे. (ज्या दुतोंड्या सापाची अंधश्रद्धेपोटी आपल्याकडे चोरटी विक्री चालते, तो हाच.)

आता तंजावूरकडे वळू. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाची सत्ता किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. राजवाडा संग्रहालय झाला तो या परिस्थितीत. रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याच्याशी निगडित असा तंजावुरी निसर्गचित्रांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे नमुना होता, चित्र होते, निरीक्षणही होते. उणीव होती ती वर्णनपर गद्याची.

हे गद्य का घडले नाही, याचे उत्तर उपलब्ध वाङ्मयप्रकारांतच शोधावे लागेल. राजवाड्यातील छापखान्याची ओळख आपल्याला पटते ती १८०६ च्या ‘बालबोध मुक्तावली’मुळे. सख्खण पंडितांनी केलेला हा इसापच्या गोष्टींचा अनुवाद. त्यात प्राणी आहेत, पण ते स्वभावाचे वाहक म्हणून. नीतिकथेतला कोल्हा किती दातांचा आहे, हे कोणी विचारीत नाही. याउलट रसेल सापाच्या पोटावरचे आणि शेपटीखालचे खवले मोजतो. जातीचा निर्णय करायचा तर मोजल्यावाचून गत्यंतर नसते.

सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’ याहून गुंतागुंतीची आहे. तमिळ कुरवंजीत डोंगर-देशांची नावे गुंफण्याचा संकेत आहे. ‘कुट्राल कुरवंजी’त तर पारध्याच्या तोंडी पक्ष्यांची नामावळीच येते. सरफोजींनी हा साचा मराठीत आणून त्यात जगाचा नवा भूगोल भरला. हे धाडस खचितच मोठे. मात्र नामावळी गाण्यासाठी असते. तिच्यात शब्दाला लय लाभते आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणात तो राहतो, पण एका वस्तूचा दुसरीहून भेद सांगण्याची सोय तिच्यात नाही. भूगोलाला हा प्रकार पेलला. जीवसृष्टीच्या वर्गीकरणाला तो पेलला असता, असे वाटत नाही.

या उणिवेचा माग आजच्या परिभाषेतही दिसतो. न्यायशास्त्रात ‘जाती’ म्हणजे अनेक व्यक्तींत राहणारे नित्य सामान्य. लिनियसच्या काळी जीवजातीही नित्यच मानल्या जात, त्यामुळे हा शब्द तेव्हा नेमका बसला असता. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथानंतर ते नित्यत्व ढळले, शब्द मात्र आपण तोच ठेवला. मराठी विश्वकोशाने ‘जाती’ आणि तिच्या वरचा गट तो ‘प्रजाती’, अशी व्यवस्था लावली. वृत्तपत्रे मात्र हिंदीच्या प्रभावाने जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात. २०१४ मध्ये कास पठारावरून ‘निमास्पिस गिरिआय’ ही पाल वर्णिली गेली. ती ‘नवीन प्रजाती’ म्हणावी तर विश्वकोशाच्या वाचकाला ‘निमास्पिस’ हीच नवी वाटेल, वास्तविक नवे आहे ते ‘गिरिआय’.