दार कुणासाठी बंद? योहानाच्या दोन छोट्या पत्रांविषयी

आज दोन अगदी लहान पत्रं घेऊ. नव्या करारातलं योहानाचं दुसरं पत्र आणि तिसरं पत्र. इतकी लहान, की प्रत्येक पत्र पपायरसच्या एकेका तावावर मावलं असावं. उपदेशात ती क्वचित येतात, आणि आली तर एकेकटी येतात. आमची तक्रार नेमकी तिथेच आहे. खोट्या शिक्षणाची भीती असलेला माणूस दुसरं पत्र उघडतो, पाहुणचाराची आवड असलेला तिसरं उघडतो, आणि दोघांनाही वाटतं की शास्त्र आपल्या बाजूने आहे.

आधी एक घरची गोष्ट सांगून टाकतो. आम्ही लहान असताना आमच्या मंडळीत एक फिरते प्रचारक आले. वाणी गोड, पेटीही छान वाजवायचे. तीन आठवडे राहिले, घरोघरी जेवले, दूरच्या एका अनाथाश्रमासाठी म्हणून वर्गणी गोळा केली आणि गेले. तसा आश्रम कुठेच नव्हता. कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, कारण पाहुण्याला प्रश्न विचारणं म्हणजे प्रीती कमी पडणं, अशी सगळ्यांची समजूत. मग दुधाने तोंड पोळलेली मंडळी ताकही फुंकून प्यायला लागली. काही वर्षांनी मंडळीतलीच एक मुलगी, लग्नानंतर दुसऱ्या पंथात गेलेली, आजारी आईला बघायला आली. आळीतल्या एकाही ख्रिस्ती घराने तिला चहा विचारला नाही. एका वडीलधाऱ्याने दुसऱ्या योहानाचं दहावं वचन काढून दाखवलं. ती अंगणात उभी होती, आम्ही खिडकीतून पाहत होतो. आम्हीही गेलो नाही.

तर त्या दहाव्या वचनात आहे काय? पत्र लिहिणारा स्वतःचं नाव सांगत नाही, फक्त ‘वडील’ म्हणवतो. एका ‘निवडलेल्या बाई’ला तो लिहितो. ही बाई म्हणजे बहुधा एक मंडळीच. आधी तो प्रीतीची आठवण करून देतो आणि मग लगेच सावध करतो: येशू ख्रिस्त देहाने आला हे न मानणारे पुष्कळ लोक फिरत आहेत. असा कुणी तुमच्याकडे आला आणि ही शिकवण घेऊन आला नाही, तर त्याला घरात घेऊ नका, त्याला नमस्कारही करू नका. जो करतो तो त्याच्या कामात भागीदार होतो.

कठोर आहे, नाही का? सी. एच. डॉड या वेल्श अभ्यासकाला १९४६ च्या आपल्या भाष्यात हे पचलं नव्हतं. ख्रिस्ती वागणुकीसाठी एवढाच दंडक पुरेसा मानायला त्याने नकार दिला. आम्हाला डॉडचा संकोच समजतो, पण त्याच्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ‘घर’ म्हणजे कुठलं घर?

त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. ओळखता येण्याजोगं सर्वांत जुनं ख्रिस्ती प्रार्थनाघर सीरियात दुरा-युरोपस इथे सापडलं, ते तिसऱ्या शतकातलं, आणि तेसुद्धा मुळात राहतं घरच. मंडळी कुणाच्या तरी घरात जमायची. आपल्याकडच्या जुन्या वाड्याला ओसरी असायची. वाटसरू, भिक्षेकरी, वसुलीवाला, कुणीही ओसरीवर टेकायचा, पाणी प्यायचा. माजघरात कोण येणार हा वेगळा प्रश्न. या घरांत तशी वाटणी नव्हती. फिरत्या शिक्षकाला मुक्काम देणं म्हणजे त्याला शिकवायला जागा देणं, पुढच्या गावाची शिदोरी देणं, आणि ‘हा आमचा माणूस’ अशी ग्वाही देणं. वडिलांनी दिलेलं कारणही तेच आहे: भागीदारी. वचनातला माणूस रस्त्यात भेटलेला कुणीही नाही, तो शिक्षक म्हणून आलेला आहे.

आता इथे काही भाष्यकार सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढे जातात. आम्हाला तेवढं सोपं वाटत नाही. नमस्काराचीही मनाई आहे, आणि ती कितीही अर्थ लावले तरी पुसली जात नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की फक्त आपल्याच भावांना सलाम केलात तर त्यात विशेष ते काय. ही दोन वाक्यं एकमेकांना टोचतात. टोचू द्यावीत.

आता तिसरं पत्र. लेखक तोच वडील, विषयही तोच, म्हणजे दारात आलेले फिरते प्रचारक. पण सूर उलटा. गायस नावाच्या माणसाने अनोळखी भावांना घरात घेतलं म्हणून त्याचं कौतुक आहे. अशांना आधार देणारे सत्याचे सहकारी होतात. बघा, दुसऱ्या पत्रात वाईटातली भागीदारी, इथे सत्यातली. पाहुणचार दोन्हीकडे कृतीच आहे, नुसती भावना नाही. आणि मग दियत्रफेस येतो. त्याला पहिलं स्थान हवं असतं. तो वडिलांचं ऐकत नाही, भावांना घरात घेत नाही, जे घेऊ इच्छितात त्यांना अडवतो आणि मंडळीतून बाहेर काढतो.

आमच्या मते या दोन पत्रांतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाही, ती गैरहजर आहे. वडील दियत्रफेसवर खोट्या शिक्षणाचा आरोप करत नाही. एकदाही नाही. देहाने येणं, ख्रिस्तविरोधक, हे सगळे शब्द त्याच्या हाताशी होते, दुसऱ्या पत्रात वापरलेले होते. तरी इथे त्याने ते काढले नाहीत. दियत्रफेसची शिकवण कदाचित शुद्ध असेल. बिघडलंय ते त्याचं दार. १९५१ मध्ये एर्न्स्ट केसेमान या जर्मन विद्वानाने तर अशी मांडणी केली की दियत्रफेसच्या नजरेत वडीलच पाखंडी होता. ती आम्हाला पटत नाही, पुरावा फार थोडा आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट डोळ्यांपुढे येते: दार बंद करणाऱ्या प्रत्येकाला आपण दुसऱ्या योहानाचं पालन करतो असं वाटू शकतं. दियत्रफेसलाही वाटलं असेल.

दुसऱ्या पत्रातली उणीव ती हीच. काय पारखायचं ते सांगितलंय, कुणी आणि कसं पारखायचं ते सांगितलेलं नाही. ती पोकळी त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका पुस्तिकेत थोडी भरून निघते. तिचं नाव दिदाखे, म्हणजे ‘शिकवण’. बहुतेक अभ्यासक तिला पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ठेवतात. शतकानुशतकं ती हरवलेली होती. फिलोथेओस ब्रिएनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तिचं हस्तलिखित मिळालं आणि १८८३ मध्ये त्यांनी ते छापलं. तिचे नियम वाचताना हसू येतं, इतके ते व्यवहारी आहेत. प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखं घ्या, पण एक दिवस, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. साधा प्रवासी असेल तर दोन-तीन दिवस. कायमचं राहायचं म्हणाला तर त्याने हाताने काम करावं. काम करायचं नसेल तर तो ख्रिस्ताच्या नावावर व्यापार करणारा.

आमच्या त्या पेटीवाल्या प्रचारकाला हे तीन नियम लावले असते तर मंगळवारीच निकाल लागला असता.

पण गंमत नियमांत नाही, क्रमात आहे. प्रभूच्या नावाने येणाऱ्याला आधी घरात घ्या आणि मग पारखा, असं दिदाखे म्हणते. आधी भाकर, मग प्रश्न. जो वेगळंच शिकवतो त्याचं ऐकू नका, हेही तिथे आहेच. म्हणजे ती काही भोळी नाही.

स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या दोन आठवणी शेजारी ठेवून बघा. आयरेनियस सांगतो की मार्कियन या शिक्षकाने ‘मला ओळखतोस का’ असं विचारलं, तेव्हा पॉलिकार्पने त्याला सैतानाचा थोरला मुलगा म्हणून ओळखतो असं सुनावलं. हाच पॉलिकार्प म्हातारपणी लपलेला असताना त्याला पकडायला माणसं आली. तो खाली उतरला आणि त्यांना हवं तितकं खायला-प्यायला वाढायला सांगितलं, आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. मृत्यू घेऊन आलेल्यांना जेवण, शिक्षण घेऊन आलेल्याला नकार. मार्कियनला दिलेलं उत्तर आम्हाला आजही उद्धट वाटतं, ते सोडा. पण भुकेला माणूस आणि व्यासपीठ मागणारा माणूस यांतला फरक त्या म्हाताऱ्याला हातासरशी कळत होता.

आमच्या आळीला तो कळला नाही. ती मुलगी कुठलीच शिकवण घेऊन आली नव्हती. आईसाठी मोसंबी घेऊन आली होती. आई त्याच वर्षी गेली. मातीला सगळी मंडळी हजर होती, गीतं म्हटली गेली. मुलगी एका बाजूला उभी होती. तिला पाणी आणून दिलं ते समोरच्या मुसलमान घरातल्या चाचीने.

पुढच्या वेळी यहूदाचं पत्र घेऊ. तिथे अशी माणसं दाराबाहेर नाहीतच, ती प्रीतिभोजनाच्या पंगतीत येऊन बसलेली आहेत.