चाकरी, नाते आणि स्वभाव : धाराऊच्या कथेच्या निमित्ताने

'त्याने काल काम टाळले' या वाक्यात कर्ता आहे, काळ आहे आणि एक विशिष्ट कृती आहे. ती का घडली, असे विचारण्यास वाव आहे. 'तो कामचुकार आहे' असे म्हणताच काळ आणि प्रसंग दोन्ही गळून पडतात व कृतीच्या जागी स्वभाव येऊन बसतो. 'भांडखोर', 'कामसू', 'लाचखाऊ' ही विशेषणे याच घडणीची होत. 'स्वभावाला औषध नाही' या म्हणीने तर पुढील चौकशीची वाटच बंद होते.

संघटनांतर्गत वर्तनावरील पाठ्यग्रंथ वर्तन, अभिवृत्ती आणि व्यक्तिमत्त्व अशा तीन पायऱ्या मांडतात आणि पहिलीवरून तिसरीचे अनुमान करण्याचा मोह वाचकास पाडतात. या अनुमानाविरुद्धचा पुरावा जुना आहे. रिचर्ड लापियेर याने एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला, तेव्हा २५१ उपाहारगृहे व निवासस्थाने यांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे पत्राने विचारणा करता, उत्तर देणाऱ्यांपैकी नऊ-दशांशाहून अधिकांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळविले. हा निबंध १९३४ चा. परिस्थितीचे फळ स्वभावाच्या खाती मांडण्याच्या या चुकीस १९७७ मध्ये ली रॉस याने 'मूलभूत गुणारोपण-दोष' या अर्थाचे नाव दिले.

हा दोष निंदेत लवकर दिसतो. स्तुतीत तो सहसा लपून राहतो. भोर तालुक्यातील कापूरहोळ या गावाशी निगडित असलेली धाराऊ गाडे हिची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती खालावलेली असल्याने बाळास दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या धाराऊची योजना झाली. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १६५९ मध्ये, सईबाई निवर्तल्या. धाराऊचे पुत्र अंतोजी व रायाजी हे पुढे संभाजीराजांच्या चाकरीत होते, असे परंपरा सांगते.

एवढ्या सामग्रीवर प्रचलित कथने जी इमारत उभी करतात ती जवळजवळ सर्वस्वी विशेषणांची आहे : एकनिष्ठ, वत्सल, त्यागमूर्ती. धाराऊ तशी नसेल असे सुचविण्याचे कारण नाही. परंतु ही विशेषणे तिच्या वर्तनावरून काढलेली नसून तिच्या कामावरून काढलेली आहेत. दूध पाजणे हे काम. ते करणारी म्हणून ती वत्सल. ज्या स्त्रीला दूध येते तिच्या घरी बहुधा स्वतःचेही तान्हे मूल असते, ही साधी शरीरशास्त्रीय गोष्ट आहे. त्या मुलाच्या वाट्याचे काय झाले, गडावरून बोलावणे आल्यावर 'नाही' म्हणण्याची सोय तिला कितपत होती, हे प्रश्न ही कथने विचारीत नाहीत. 'त्यागमूर्ती' या शब्दाने ते आधीच सुटलेले असतात.

यात नातेवाचक शब्दांचाही वाटा आहे. 'दूधआई' आणि 'दूधभाऊ' या शब्दांत सेवेचा संबंध रक्तसंबंधाच्या जागी येतो; 'धाराऊ' या नावातील अंत्य 'आऊ'ही तोच सूर धरतो. अशा शब्दांची ऊब खरी असते, आणि राजघराण्याने ती मानली यात त्या घराण्याचे मोठेपणही आहे. मात्र आईला मोबदला विचारणे जितके अवघड, तितकेच दूधआईच्या संदर्भात तो विचारणे अवघड होऊन बसते.

हा प्रश्न सतराव्या शतकापुरता नाही. महाराष्ट्रातील रुग्णालयांत आयांना 'मावशी' आणि पुरुष सेवकांना 'मामा' म्हणण्याचा प्रघात आहे. या संबोधनात आदर आहे हे निश्चित. तथापि, नेमून दिलेली पाळी संपल्यावर एखादी मावशी थांबण्यास नकार देते, तेव्हा तिच्याविषयी 'मावशी हल्ली बदलल्या' असे सहज म्हटले जाते. पाळी किती तासांची होती, घरी जाणारी शेवटची एस. टी. कितीची होती, याची चौकशी कोणी केलेली नसते.

मराठीत या भाषिक सवयीस छेद देणारेही वाक्प्रचार आहेत. काम 'अंगवळणी पडते', कामावर 'हात बसतो'. येथे दिशा उलटी आहे : काम आधी येते आणि माणसाची घडण मागाहून होते. धाराऊची वत्सलता गडावर जाण्यापूर्वीची की तेथील दिवसांत अंगवळणी पडलेली, हे उपलब्ध कथनांवरून ठरविता येत नाही. आणि विशेषणांनी भरलेल्या या कथनांना तो फरक करण्याची गरजही वाटलेली दिसत नाही.