‘सिलोनचा त्राता’ ह्या बिरुदाची चिकित्सा

बखरींतील बिरुदें पारखून घेण्याची रीत वाचकांच्या परिचयाची आहे. तीच अर्वाचीन युद्धेतिहासास लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु. दुसऱ्या महायुद्धांत कॅटॅलिना जातीच्या गस्ती जलविमानाचा कॅनेडियन नायक स्क्वॉड्रन लीडर लेनर्ड बर्चल ह्यास वृत्तपत्रांनीं ‘सिलोनचा त्राता’ म्हटलें, व तें बिरुद पुढें ग्रंथांतहि शिरलें.

मूळ घटना निर्विवाद आहे. ४ एप्रिल १९४२ रोजीं सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला येथील सरोवरांतून हें विमान निघालें. त्याची चाल मंद, पण दम मोठा. सबंध दिवस समुद्रावर फिरत राहणें हेंच त्याचें काम. गस्त संपत आली असतां दक्षिणेस क्षितिजावर ठिपके दिसले. जहाजें मोजावयास जवळ गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि जवळ जाऊन परत येण्याची आशा थोडी. बर्चल जवळ गेला. तें नागुमोचें आरमार होतें. त्यांत पांच विमानवाहू नौका होत्या. बिनतारी संदेश चालू असतांनाच जपानी विमानांनीं त्यास पाडलें. नऊ जणांपैकीं तिघे मेले, सहा कैद झाले.

वाद आहे तो फलश्रुतीचा. संदेशामुळें कोलंबो बंदरांतील पुष्कळ जहाजें वेळींच बाहेर काढतां आलीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु नागुमो बेट जिंकावयास आला नव्हता. ब्रिटिश आरमार मोडण्यासाठीं घातलेला तो छापा होता. उतरवावयाचें सैन्य त्याजबरोबर नव्हतें. जी स्वारी योजिलीच नव्हती ती टाळल्याचें श्रेय कोणास द्यावें? शिवाय हल्ला येणार हें सांकेतिक संदेश उकलून अॅडमिरल सॉमरव्हिल ह्यांस मार्चअखेरीसच कळलें होतें. ते वाट पाहून मालदीवांतील अड्डू येथें पाण्यातेलासाठीं गेले होते. आणि इशारा मिळूनहि ५ एप्रिलच्या सकाळीं शत्रु डोक्यावर आला तेव्हां रत्मलाना येथील लढाऊ विमानें जमिनीवरच होतीं. आदल्या रात्रीं कोलंबोहून निघालेल्या ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ ह्या क्रूझर त्याच दिवशीं बुडाल्या.

चर्चिल ह्यांनीं हा प्रसंग युद्धांतील अत्यंत धोक्याचा मानला, असें सांगतात. पण तें भोजनप्रसंगींचें, परमुखानें आलेलें वचन. साधनांच्या प्रतवारींत त्याची पायरी खालची. मीमांसक ज्यास अर्थवाद म्हणतात तशांतलें हें बिरुद आहे. स्तुतीस तें शोभतें, प्रमाण म्हणून चालत नाहीं. बर्चलचें धैर्य त्यावांचूनहि सिद्ध आहे.

आणखी एक गोष्ट. ९ एप्रिल रोजीं त्याच ४१३ व्या स्क्वॉड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट थॉमसनें तेंच आरमार पाहिलें, तसाच संदेश पाठविला, आणि तसाच तोहि पडला. त्या दिवशीं ट्रिंकोमालीवर हल्ला झाला व ‘हर्मिस’ बुडाली. बर्चल १९४५ त सुटला व आपला वृत्तांत सांगूं शकला. थॉमसच्या विमानांतील एकहि जण परतला नाहीं, आणि बिरुदाच्या चर्चेंत त्याचें नांव क्वचितच येतें.