भिवंडीच्या नाटकाआधीचं काम

भिवंडीवर नाटक किंवा चित्रपट करायचा म्हटलं की लेखक आधी दंगलीच्या कागदांकडे वळतो. तसं होणं साहजिक आहे. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत उसळलेल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. जळगाव आणि महाडच्या दंगलीही त्यातच आल्या. एका गावात तेढ कशी वाढत जाते, याचा असा तपशीलवार ऐवज नाटककाराला क्वचितच मिळतो. 1984 मध्ये शहर पुन्हा पेटलं. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, मुंबई दंगलीत जळत असताना भिवंडी शांत राहिली, आणि त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

पण या सगळ्या कागदांत माणूस भेटतो तो मारणारा, मरणारा नाहीतर साक्षीदार म्हणून. एरवी तो बारा-बारा तास यंत्रमाग चालवतो, हे पार्श्वभूमीपुरतं उरतं. लेखकाचा अभ्यास तिथेच थांबला की त्याची पात्रंही तेवढीच होतात. आपल्या लेखनातल्या भिवंडीचं बरंचसं असंच झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या वस्तीच्या, गिरणगावाच्या, वाट्याला हे आलं नाही. ‘अधांतर’ हे नाटक लिहिणारे जयंत पवार त्याच वस्तीत वाढलेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी तर गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्या तोंडचा इतिहास 2004 मध्ये ग्रंथरूपात आणला. रामू रामनाथन यांचं ‘कॉटन 56, पॉलिएस्टर 84’ हे नाटक सुनील शानबाग यांनी 2006 मध्ये रंगमंचावर आणलं, तेव्हा गिरणीकामगाराचं बोलणं कुणीतरी आधीच ऐकून, लिहून ठेवलेलं होतं.

आणि 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचं कापड विणलं जाऊ लागलं ते भिवंडीच्या यंत्रमागांवर! त्याच गोष्टीचा हा उत्तरार्ध, पण तो ऐकायला कुणी बसलं नाही.

बसायचं तर कारखान्यात बसावं लागेल. खटखटाट इतका की बोलायचं ते कानाशी तोंड नेऊन. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो, आणि मजुरी मीटरवर असल्याने थांबलेला माग म्हणजे बुडालेला पैसा. त्यामुळे कामगाराची नजर संभाषणात कधीच पूर्ण नसते. संवाद लिहिणाऱ्याला हे ठाऊक नको का? मग बिस्सीत जावं. गिरणगावात जी खाणावळ, ती इथे बिस्सी. घर उत्तर प्रदेशात किंवा बिहारात ठेवून आलेली माणसं तिथे पाळीपाळीने जेवतात आणि घरचं बोलतात. पद्मानगरात तेलुगू विणकर भेटतील. म्हणजे मराठी लेखकाला उर्दू, भोजपुरी, तेलुगूशी जुळवून घेणं आलं. दुभाष्या नेला तरी चालेल, पण जायला हवं.

जुने माग आता भंगारात निघताहेत, कारखान्यांच्या जागी गोदामं येताहेत. संपाच्या काळात मागावर उभी राहिलेली पोरं आज म्हातारी झाली आहेत. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी विद्यार्थ्यांना या वर्षीच तिकडे ध्वनिमुद्रणासाठी पाठवावं.