फेनतरणाच्या धड्यातले ‘भरपूर पाणी’

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ या २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात, धातुविज्ञानाच्या प्रकरणात, फेनतरण पद्धतीला थोडीशी जागा मिळाली आहे. मोठ्या टाकीत भरपूर पाणी, त्यात बारीक दळलेले धातुक, थोडे पाइनचे किंवा निलगिरीचे तेल आणि दाबाखाली सोडलेली हवा. सल्फाइडचे कण तेलाने भिजून फेसाबरोबर वर येतात, मृदा अशुद्धी पाण्याने भिजून तळाशी राहते. सारी मांडणी जलस्नेही आणि जलविरोधी या दोन गुणधर्मांवर उभी केली आहे, हे चांगलेच झाले. जुन्या पुस्तकांत नुसती आकृती पाठ करावी लागे.

परंतु सगळे श्रेय तेलाला देणे आता बरोबर नाही. आजच्या कारखान्यात तेलासारखे द्रव्य मुख्यतः फेस टिकवण्यासाठी असते. कणांचा पृष्ठभाग जलविरोधी करण्याचे काम झँथेटसारखी संयुगे करतात, तीही टनभर धातुकामागे काही दशक ग्रॅम. याहून मोठी उणीव ‘भरपूर पाणी’ या दोन शब्दांत आहे. कोणते पाणी, हा प्रश्न पुस्तकाला पडलेला नाही, आणि विद्यार्थ्याला तो पडावा अशी सोयही नाही.

पनवेलजवळच्या नेरे गावाचे उदाहरण घेऊ. माथेरानच्या डोंगरातून येणारे गाढी नदीचे गोडे पाणी इथे हाताशी आहे, आणि हीच नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. म्हणजे दोन्ही प्रकारचे पाणी एका सायकलफेरीत मिळते. खाडीचे पाणी गढूळ असते, म्हणून लिटरभर गोड्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवले तरी चालेल. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरून एकदम हलवा. गोड्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि लगेच वर येऊन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात व पाणी जरा जास्त वेळ दुधाळ दिसते. लिटरमागे पाच-दहा ग्रॅम मीठ असले की बुडबुड्यांचे एकत्र येणे बरेच मंदावते. असे का होते, यावर शास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही. वर्गात हे मोकळेपणाने सांगावे.

आता मिठाच्या बाटलीत चिमूटभर एप्सम सॉल्ट टाका आणि दोन्ही बाटल्यांत कपड्यांच्या साबणाचा कीस घाला. (धुण्याची पावडर नको, ती खाऱ्या पाण्यातही फेसाळते.) साबणाचा फेस होत नाही, दह्यासारखा साका होतो. मग समुद्राच्या पाण्यात फेनतरण कसे जमते? मॅग्नेशियम व कॅल्शियम साबणाशी संयोग पावून अविद्राव्य क्षार बनवतात. पाइन तेलातील अल्कोहोलांवर विद्युतभार नसल्याने त्यांना हे आयन पकडू शकत नाहीत. उलट बुडबुडे आधीच बारीक असल्याने फेसकारक द्रव्य कमी लागते.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. तांब्याच्या धातुकात बहुधा लोहाचे पायराइटही असते आणि तेही सल्फाइडच. पुस्तकातल्या नियमाने दोन्ही वर यायला हवीत. पायराइटला खाली ठेवण्यासाठी चुना घालून सामू १०.५ किंवा त्याहून वर नेतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. सामू ९.५ च्या पुढे गेला की ते हायड्रॉक्साइड होऊन बाहेर पडू लागते आणि घातलेला चुना तिथेच खर्ची पडतो. अकरावीच्या मुलांना हे गणित जरूर द्यावे: १.३ ला २४.३ ने भागले की ०.०५३ मोल, आणि तेवढे मॅग्नेशियम पूर्णपणे काढायला घनमीटरमागे जवळजवळ ३ किलो कळीचा चुना लागतो. शिवाय हा चिकट साका मॉलिब्डेनाइटच्या कणांवर बसतो व त्यांना जलस्नेही करून टाकतो. मॉलिब्डेनाइट तर मुळातच जलविरोधी! म्हणजे हा गुणधर्म एकट्या खनिजाचा नसून खनिज आणि पाणी या जोडीचा आहे. पुस्तकाने हे एका वाक्यात सांगायला हवे होते.

हे सारे प्रत्यक्षात घडते ते चिलीच्या आटाकामा वाळवंटात. तिथली सेंटिनेला ही तांब्याची खाण समुद्राचे पाणी क्षार न काढता सुमारे १४५ किलोमीटर नळातून २,३०० मीटर उंचीवर चढवते. एस्कोन्डिडा खाणीने दुसरा मार्ग धरला: २०१७ पासून मोठ्या प्रकल्पात पाणी गोडे करून ते सुमारे ३,२०० मीटरवर नेले जाते.

समुद्र अमर्याद आहे, तेव्हा खाणींचा पाणीप्रश्न सुटलाच, असे या उदाहरणांवरून सर्रास म्हटले जाते. आम्हाला ते पटत नाही. घनमीटरभर पाणी २,३०० मीटर चढवायला, घर्षण व पंपातील तोटा सोडूनही, ६.३ युनिट वीज लागते. तेच पाणी गोडे करायला साधारण ३ ते ४ युनिट. खरा खर्च उंचीचा आहे. क्षार न काढल्याने वाचते ते एकूण विजेच्या फार तर एक तृतीयांशाच्या आसपास. त्या बदल्यात गंजणारे नळ व पंप येतात, आणि मिळालेले सांद्रित खनिज भट्टीत जाण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन त्यातील क्लोराइड काढावे लागते. उरलेल्या गाळाच्या तळ्यात मीठ साचते. आटाकामात पाऊस जवळजवळ नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला असे तळे बांधले, तर पहिल्याच पावसाळ्यात त्यातले मीठ ओढ्यांत आणि विहिरींत उतरण्याची भीती राहील.