अपमान आणि आमंत्रण

ज्यानें आपणांस शिवी दिली, त्यास दारांत उभें करावें कीं पाटावर बसवावें, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचें एक अर्वाचीन उत्तर आम्ही आज परीक्षणास घेत आहों. तें ग्रंथ नव्हे, साधी जाहिरात आहे. परंतु तीमागील विचार कोणत्याहि ग्रंथाइतका गंभीर आहे.

जानेवारी २००७ मध्यें इंग्लंडांतील 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' या दूरचित्रवाणीवरील खेळांत जेड गुडी नांवाच्या प्रसिद्ध बाईनें व तिच्या सोबतिणींनीं मुंबईच्या नटी शिल्पा शेट्टी यांचा जो पाणउतारा केला, तो वाचकांच्या स्मरणांत असेल. त्यांच्या उच्चारांची टवाळी झाली, हातानें जेवण्यावरून शेरे झाले, आणि गुडीबाईनें त्यांस 'पापड' हें आडनांव बहाल केलें. ऑफकॉम या तेथील नियामक संस्थेकडे सुमारें ४४,५०० तक्रारी गेल्या. इकडे पाटण्यास पुतळे जाळण्यांत आले. याच गदारोळांत भारताच्या पर्यटन विभागानें ब्रिटिश वृत्तपत्रांत गुडीबाईंच्या नांवें एक उघडें पत्र छापविलें. हातांतलें काम आटोपलें कीं भारतांत यावें आणि येथें मनास स्वास्थ्य मिळवावें, असा त्याचा आशय होता.

पत्राची भाषा सभ्य आहे. त्यांत एकहि कठोर शब्द नाहीं, आणि हेंच त्याचें बळ. पुतळा जाळणारा शिवी देणाऱ्याचेंच महत्त्व वाढवितो. आमंत्रण देणारा घराचा धनी राहतो. ज्या पापडाची शिवी झाली, तोच आपण पाहुण्याच्या पानांत वाढतों, हें यजमानानें विसरूं नये.

तथापि या पत्रास आम्ही निर्दोष म्हणणार नाहीं. पैठणास नाथांच्या अंगावर एक मनुष्य वारंवार थुंकला, व ते प्रत्येक वेळीं शांतपणें पुनः गोदास्नानास गेले, अशी कथा आहे. नाथांनीं तें जगानें पाहावें म्हणून केलें नाहीं. पर्यटन विभागास मात्र प्रवासी हवे होते. शिवाय अपमान झाला एका स्त्रीचा. क्षमेचा अधिकारहि तिचाच. मनास स्वास्थ्य मिळवा, या सल्ल्यांत 'आपलें मन रोगी आहे' असा मऊ चिमटाहि आहे. गुडीबाई गरिबींतून वर आलेली, अल्पशिक्षित बाई. २००२ मध्यें त्याच खेळांत ती प्रथम दिसली, तेव्हां तिच्याच देशांतील वृत्तपत्रांनीं तिच्या रूपाची व अज्ञानाची क्रूर थट्टा केली होती. तिच्यावर हंसणाऱ्या सुशिक्षितांच्या रांगेंत आपणहि उभें राहिलों, तर तें आतिथ्य कसलें?

या आमंत्रणास खरा अर्थ पुढें आला. ऑगस्ट २००८ मध्यें गुडीबाई 'बिग बॉस' या कार्यक्रमासाठीं भारतांत आल्या, आणि त्याच्या सूत्रधार होत्या शिल्पा शेट्टी. हाहि व्यवसायच होता, हें खरें. परंतु दोन दिवसांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वार्ता त्यांस येथें कळली व त्या मायदेशीं परतल्या. २२ मार्च २००९ रोजीं, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. २००७ सालचा क्रोध आम्हीं शेवटपर्यंत जपला असता, तर या मरणापुढें आम्हांस मान वर करतां आली नसती. शेट्टीबाईंनीं क्षमा केली होती, म्हणून त्यांस निर्मळ मनानें शोक करतां आला.

अन्याय झांकावा, असें आम्ही म्हणत नाहीं. ऑफकॉमनें वाहिनीस दोषी ठरविलें, हें योग्यच झालें. नियम मोडल्याचा जाब संस्थेस विचारावा. माणसासाठीं मात्र दार उघडें ठेवावें. आणि एक प्रश्न आमच्याच वाचकांसाठीं : परप्रांतीय शेजाऱ्याच्या उच्चारांवर, सांवळ्या सुनेच्या रंगावर आपल्या माजघरांत जे शेरे होतात, त्यांस कोणतें नांव द्यावें? तें पत्र लंडनच्या पत्त्यावर गेलें खरें; पण त्याची एक प्रत आपल्या घरींहि वाचली जावी, असें आम्हांस वाटतें.